बारा महिने निरभ्र

तारांगणाच्या दारावर पाटी होती: ‘आमच्याकडे बारा महिने निरभ्र आकाश!’ त्यातलं उद्गारचिन्ह विज्ञान संग्रहालयाच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, स्वतः रंगवलं होतं. संग्रहालयासाठी त्यांनी जातीनं केलेलं ते एकमेव काम. त्यामुळे पाटी दरवर्षी नव्यानं रंगवली तरी उद्गारचिन्हाला कुणी हात लावत नसे.

बाकी सगळ्याला समुद्रानं हात लावला होता. संग्रहालय अगदी किनाऱ्यावर, आणि खाऱ्या वाऱ्याला विज्ञानाचं काडीचं कौतुक नव्हतं. लंबक मध्येच थांबून विचार करायचा. सूर्यमालेतल्या शनीची कडी गंजून गळून पडली तेव्हा तिथं कुकरची रिंग बसवण्यात आली, आणि आता शनी जास्त खरा वाटतो असं मुलांचं मत पडलं. देवमाशाच्या सांगाड्यात एक बरगडी लाकडाची होती. ती नेमकी कोणती हे सगळे विसरले होते, त्यामुळे देवमाशाकडे एकूणच संशयानं पाहिलं जाई. पण घुमटात शिरून काळोख केला की सगळं ठीक असायचं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं लोक हताश होऊन विचारतात. इथं त्याचं उत्तर ठरलेलं होतं. दाराच्या बरोब्बर वर, जिथून गळायचं तिथं. आणि ते ठिगळ ध्रुवनं लावलं होतं.

ध्रुव हे त्याचं खरं नाव नव्हे. तो तारांगणाचा निवेदक. तारागोलाशेजारच्या खुर्चीत एकदा टेकला की शो संपेस्तोवर जागचा हलत नसे, म्हणून टाकीवाल्या मावशींनी त्याचं हे बारसं केलं होतं. तारागोल म्हणजे घुमटाच्या मधोमध उभा असलेला, अंगभर भोकं पाडलेला काळा गोळा. आत दिवा लागला की भोकाभोकातून उजेड बाहेर पडतो आणि वर घुमटावर तारे उमटतात. बाजूच्या चकत्या फिरवून हवी ती तारीख लावायची, की हव्या त्या रात्रीचं आकाश हजर. ध्रुव त्याला चाळणी म्हणायचा, पण साहेब नसताना.

टाकीवाल्या मावशी खालच्या मजल्यावर. त्यांच्या उथळ टाकीत तारामासे होते, शंखात राहणारे खेकडे होते आणि समुद्रकाकडी नावाचा काकडीसारखा दिसणारा एक मऊ जीव होता. मुलांनी दोन बोटांनी हळूच हात लावायचा, असा नियम. समुद्रकाकडी कधीच हलत नसे.

“ही जिवंत आहे?” दर रविवारी कुणीतरी विचारायचंच.

“आहे की,” मावशी म्हणायच्या. “फक्त ऑफिसात असल्यासारखी वागते.”

रविवार म्हणजे सहकुटुंब कार्यक्रमांचा दिवस. सकाळी ‘भरती-ओहोटी: सहकुटुंब’, मग ‘आजी-आजोबा आणि गुरुत्वाकर्षण’ (यात एकदा एक आजोबा खरोखर पडले आणि टाळ्या मिळाल्या), आणि दुपारी शोच्या शेवटी सगळ्यांच्या आवडीचं ‘तुमचं आकाश’. काळोखात कुणीही हात वर न करता तारीख ओरडायची, ध्रुव चकत्या फिरवून त्या रात्रीचं आकाश लावायचा. बहुतेक वाढदिवस असत. एका गृहस्थांनी हौसेनं लग्नाची तारीख सांगितली आणि शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “ही कुणाच्या लग्नाची?” तो शो अजून आठवणीत आहे.

ध्रुवच्या मोठ्या भावाला, दादाला, हा सगळा प्रकारच पोरखेळ वाटे. दादा बंदरात होता. बंदराच्या तोंडाशी पाण्यावर तरंगते दिवे असतात, जहाजांना वाट दाखवणारे. त्यांची देखभाल त्याच्याकडे. छोटी होडी काढायची, विझलेला दिवा बदलायचा, दिव्यावर घरोबा केलेल्या पक्ष्यांच्या शिव्या खायच्या आणि परत यायचं.

“एक समुद्रात दिवे लावतो, एक आभाळात लावतो,” दोघांची आई म्हणायची, “आणि माझ्या न्हाणीघरातला बल्ब थंडीपासून गेलाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

“तो आभाळवाल्यानं बदलायचा,” दादा म्हणायचा. “बल्ब वर असतो.”

“न्हाणीघरात पाणी असतं. म्हणजे तुझ्या खात्यात,” ध्रुव म्हणायचा.

बल्ब शेवटी वहिनींनी बदलला.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी एक दिवा विझला. दादा होडी घेऊन गेला. तो गेल्यावर ढग खाली उतरले आणि पाण्यावर मांडी ठोकून बसले. इतके की बंदरातले दिवे बंदरात उभं राहूनही दिसेनात. वायरलेसवर दादाचा आवाज एकदाच आला. “काहीच दिसत नाहीये इथं,” तो म्हणाला. बंदरातला वायरलेसवाला त्यानंतर पहाटेपर्यंत बोलत राहिला, पलीकडून पुन्हा काही आलं नाही. होडी सापडली, खडकांशी, पालथी. दादा सापडला नाही.

ते एक वाक्य घरातल्या मोठ्या माणसांनी आपसात ठेवलं. आईला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, ध्रुवला तर वायरलेसवाल्यानं स्वतः सांगितलं होतं. दादाच्या मुलीला मात्र कुणी काही बोललं नाही. का? लहान आहे. आपल्याकडे एवढं कारण कशालाही पुरतं.

मुलगी सात वर्षांची. पुढचे दोन दात मोठे आणि हातात कायम काहीतरी कुरतडायला, म्हणून घरादारात तिला खारू म्हणत. संग्रहालयाचा एकही कार्यक्रम तिनं सोडला नव्हता. गुरुत्वाकर्षण तिला पाठ होतं. समुद्रकाकडीला तिनं एकदा हलताना पाहिलं होतं असा तिचा दावा होता, आणि मावशी सोडून कुणाचा त्यावर विश्वास नव्हता. दादा गेल्यावर आजीनं तिला जवळ घेतलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, “बाळा, तुझे बाबा तारा झाले.”

“आजी,” खारू म्हणाली, “तारे हायड्रोजनचे असतात. बाबा हायड्रोजनचे नव्हते.”

आजीनं ध्रुवकडे असं पाहिलं की जणू हायड्रोजन त्यानंच काढला होता.

त्या दिवसापासून खारूचा मोठ्या माणसांवरचा भरवसा उडाला. विश्वास ठेवायचा तर तो तारागोलावर. ‘माणूस चुकेल, यंत्र चुकणार नाही’ हे ध्रुवचं शोमधलं आवडतं वाक्य होतं, दर रविवारी तो ते घुमटाखाली गोल गोल फिरवायचा. खारूच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. घरी दाराआड बाबांचे रबरी बूट होते. ती रोज ते सरळ करून ठेवायची, टोकं आतल्या बाजूला. बाहेरून येऊन आताच काढले असावेत तसे.

ज्या रविवारी हे सगळं बिघडलं, त्या रविवारी घुमट भरलेला होता. खारू पुढच्या रांगेत, वहिनी शेजारी. शो संपत आला. कुणीतरी बाळाच्या जन्माची तारीख सांगितली, ध्रुवनं ती लावली, बाळ रडलं, सगळे हसले. मग पुढच्या रांगेतून ओळखीच्या आवाजात एक तारीख आली. दिवस, महिना, वर्ष. शाळेत पाढे म्हणतात तशी, खणखणीत.

हाताला सवय असते. ध्रुवच्या बोटांनी चकत्या फिरवल्या, आणि वर तारे सरकत सरकत त्या रात्रीच्या जागेवर येऊन उभे राहिल्यावर मग डोक्याला कळलं की ही कुठली रात्र. पण तोंडालाही सवय असते, आणि तोंडाची सवय सगळ्यात वाईट. डोकं थांब थांब म्हणत असताना तोंड आपलं ठरलेलं बोलत गेलं, “...आणि हा ध्रुवतारा. हा दिसत असला की खलाशी कधी रस्ता चुकत नाही. अशा आकाशाखाली समुद्रात हरवणं अशक्य.”



“काका,” खारूनं विचारलं, “त्या दिवशी खरंच एवढे तारे होते?”

घुमटात एवढी माणसं. ध्रुवला वाटलं, नंतर सांगू. बाहेर गेल्यावर, नीट, जवळ बसवून. “यंत्र... यंत्र तेवढे दाखवतं,” तो म्हणाला, आणि घाईनं पहाट लावली. त्या रविवारी सूर्य जरा दचकूनच उगवला.

बाहेर येऊन पाहतो तर खारू निघून गेली होती. वहिनींचा हात धरून, मागं न बघता.

दोन-तीन दिवसांनी वहिनी संग्रहालयात आल्या. तिकीट काढून. घरच्या माणसानं तिकीट काढून आत येणं म्हणजे काय, हे ध्रुवला लांबूनच कळलं.

“भावजी, तुम्ही काय दाखवलंत तिला?”

“वहिनी, मी—”

“तिनं बूट बाहेर ठेवलेत. जिन्यात. मी आत आणले, तिनं परत बाहेर ठेवले. म्हटलं का गं, तर म्हणते, बाबांना रस्ता दिसत होता. एवढे तारे होते. दिसत असूनही ते आले नाहीत.” वहिनींचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “म्हणते, त्यांना यायचंच नव्हतं.”

ते दोघं देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे होते. एक शाळा शेजारून रांगेत गेली. कुणीतरी लाकडाची बरगडी कोणती म्हणून विचारलं आणि ध्रुवनं न पाहता कुठल्यातरी एका बरगडीकडे बोट केलं.

“ढग होते त्या दिवशी,” तो म्हणाला. “मी येऊन सांगतो तिला.”

“सांगा. मी सांगून दमले.”

दादा गेला त्या रात्री वहिनी आणि खारू वहिनींच्या माहेरी होत्या, समुद्रापासून दूर. तिथं आभाळ स्वच्छ होतं. खारू आजोबांबरोबर गच्चीवर तारे बघत बसली होती. म्हणजे डोळ्यांची साक्ष आधीचीच होती, तारागोलानं फक्त शिक्का मारला.

संध्याकाळी ध्रुव त्यांच्याकडे गेला. जिन्यात बूट होते, टोकं बाहेरच्या बाजूला. खारू टेबलापाशी पेन्सिल कुरतडत बसली होती.

“खारू, त्या दिवशी ना, ढग आले होते. खूप ढग. तारे दिसतच नव्हते.”

“मग तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं नंतर सांगू.”

“आत्ता सांगतोयस कारण आईनं सांगायला लावलं.” तिनं पेन्सिलीचा तुकडा जिभेवरून काढून नीट ताटलीत ठेवला. “आजीनं पण तारा सांगितलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या बाबा लांब कामाला गेलेत. सगळे वेगवेगळं सांगतात. मशीननं एकच सांगितलं.”

“मशीन ढग दाखवू शकत नाही, बाळा. त्यात ढग नसतातच.”

“मग ढग होते हे कशावरून?”

ध्रुवकडे उत्तर होतं. ते एक वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. पण वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं, आणि त्यालाही वाटलं, असं काय, टेबलापाशी, पेन्सिलीच्या तुकड्यांसमोर सांगायचं? तो घरी परतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, त्यानं तर अख्खं आभाळ दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो टाकीपाशी जाऊन बसला.

“मावशी, मला ढग पाहिजे.”

“कसला?”

“साधाच. घुमटात मावेल एवढा.”

मावशींनी हात पुसले. त्यांना सगळं ठाऊक होतं, संग्रहालयात कुणाला काही ठाऊक नसतं असं होत नाही. “हवामान विभागात एक आहे,” त्या म्हणाल्या. “पण ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागलीये त्यावर, मी इथं लागल्यापासून.”

‘ढग कसा तयार होतो?’ नावाचं ते यंत्र म्हणजे काचेच्या खाली पाण्याचं घमेलं आणि त्यात खोल कुठंतरी थरथरणारी एक चकती. ध्रुवनं ती उघडली, गंज खरवडला, आणि शोला सुटी होती त्या दिवशी दोघांनी घमेलं उचलून घुमटात नेलं. यंत्र सुरू झालं. पाणी उकळल्यासारखं हललं आणि पांढरं धुकं काठावरून सांडून जमिनीवर पसरलं. ढग झाला खरा. पण तो गुडघ्याएवढाच. वर जायचं नावच घेईना. खुर्च्यांच्या पायांतून कुणाची चप्पल हरवल्यासारखा शोधत हिंडू लागला.

“वर जा ना रे,” ध्रुव त्याला म्हणाला.

“पुठ्ठ्यानं वारा घालून बघू,” मावशी म्हणाल्या.

दोघं दोन पुठ्ठे घेऊन ढगाच्या मागे लागले. ढग दोन भागांत फुटला. एक भाग दाराकडे पळाला आणि त्याच वेळी दार उघडून साहेब आत आले. गुडघ्यापर्यंत ढगात बुडालेले साहेब काही वेळ स्तब्ध उभे राहिले. उंच डोंगरावर तप करणाऱ्या माणसासारखे, पण हातात फाईल असलेले.

“हे काय आहे?”

“ढग, साहेब.”

“आपल्याकडे ढग?” साहेबांनी फाईल दाराकडे रोखली. “पाटीवर काय लिहिलंय माहितीये ना तुम्हाला? आणि ओल! तारागोलाच्या भिंगात ओल गेली तर? बंद करा! सगळं बंद करा!”

आणि कुणी काही करायच्या आत त्यांनी स्वतःच भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. संग्रहालयासाठी त्यांनी जातीनं केलेलं हे दुसरं काम.

घुमटात शोच्या वेळी काळोख असतो, पण पूर्ण कधीच नसतो. वर तारे असतात, दारावर बाहेर जाण्याची हिरवी खूण असते, ध्रुवच्या खुर्चीपाशी बारीक लाल दिवा असतो. ते सगळंच गेलं. डोळे उघडे की मिटलेले, हे बोटांनी चाचपून पाहावं लागेल असा काळोख. साहेब कुठंतरी खुर्चीला धडकले. “कोण आहे?” त्यांनी विचारलं. वास्तविक तिथं कोण कोण आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी त्यांचा आवाज लहान मुलासारखा आला.

साहेब आल्यावर ध्रुव सवयीनं आपल्या खुर्चीत टेकला होता. तो कधी नव्हे तो उठून उभा राहिला, एक पाऊल टाकलं आणि पुढे काय आहे ते त्याला कळेना. याच घुमटात त्यानं एवढी वर्षं काढली होती. ठिगळ कुठं आहे तेही त्याला दिसलं नसतं. तो तसाच उभा राहिला आणि त्याला दादा आठवला. दादा म्हणजे थट्टा करणारा दादा नव्हे. फक्त होडीत उभा असलेला, आणि कुठल्याही बाजूला पाहिलं तरी सारखाच काळोख. ध्रुवनं ते वाक्य शंभरदा मनात ऐकलं होतं. ते आतून कसं असतं, हे मात्र त्याला आत्ता कळलं.

मावशींनी खटका वर केला तेव्हा ध्रुवचे डोळे पुसायचे राहून गेले होते. साहेबांनी ते पाहिलं, फाईलकडे पाहिलं, ढगाकडे पाहिलं.

“घमेलं जागेवर ठेवा,” ते म्हणाले, आणि दारातून थोडे मागे वळून, “रविवारी पहिल्या शोच्या आधी घुमट रिकामा असतो. मला काही सांगू नका. मला माहीत नाही.”

रविवारी खारूला आणताना वहिनींना पुष्कळ सायास पडले. तिला समुद्रकाकडी आजारी असल्याचं सांगावं लागलं, म्हणजे आणखी एक खोटं. घुमटात शिरल्यावर ती दारातच थांबली.

“मला नाही बघायचं परत.”

“परत नाही,” ध्रुव म्हणाला. “मागच्या वेळी मी अर्धंच लावलं होतं. यंत्राला जेवढं येतं तेवढं. उरलेलं आपल्याला हातानं लावावं लागेल. मला मदत पाहिजे.”

मदत म्हटल्यावर तिला नाही म्हणता येत नसे, ते ती बापाकडून घेऊन आली होती. वहिनी मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या. ध्रुवनं खारूला तारागोलाशेजारी स्टुलावर उभं केलं आणि चकत्या तिच्या हातात दिल्या. तारीख तिनंच लावली. दिवे मंद झाले आणि वर तेच आकाश उगवलं, मागच्या रविवारचं, त्या रात्रीचं. ध्रुवतारा आपल्या जागी. खारूनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

“हे वरचं,” ध्रुव म्हणाला. “हे त्या रात्री होतंच. तू आजोबांच्या गच्चीवरून पाहिलंस ते खरं होतं. मशीन खरं, तूही खरी. पण समुद्रावर मध्ये ढग आले. इकडून, जिथं सूर्य मावळतो तिथून. मशीनला ढग येत नाहीत. तू आण.”

त्यानं तिच्या हातात जाड काळी घोंगडी दिली. शो नसताना तारागोलावर घालायची. खारूनं घोंगडीकडे पाहिलं, वर पाहिलं. मग टाचा उंचावून तिनं तिचं टोक गोळ्याच्या एका बाजूला टाकलं. घुमटावर मावळतीचे तारे गेले. पुसले नाहीत, विझले नाहीत. नुसते गेले. ती थांबली, हात मागे घेतला, तारे परत आले. पुन्हा टाकलं. या वेळी तिनं हळूहळू ओढत नेलं, आणि तिच्या हाताबरोबर काळोख घुमटावरून सरकत गेला, एकेक करून सगळं गिळत. ध्रुवतारा सर्वांत शेवटी राहिला. त्यावर घोंगडी ओढताना ती जरा अडखळली.

“हा पण?”

“हो. हा पण.”

तोही गेला. ध्रुवनं भिंतीजवळ जाऊन मोठा खटका खाली ओढला. हिरवी खूण गेली, लाल दिवा गेला.

खारू स्टुलावरून उतरल्याचा आवाज आला. एक पाऊल. मग दुसरं. खुर्चीला काहीतरी लागलं.

“आई?”

“इथंच आहे मी.”

“कुठे?”

“इथं, दाराजवळ.”

“दार कुठंय?” पावलं एका बाजूला गेली, थांबली, उलटी फिरली. घुमटाचा हाच दोष होता, गोल असल्यानं आवाज सगळीकडून येई. खारू पुन्हा खुर्चीला धडकली. वहिनी उठल्याचं ध्रुवला ऐकू आलं, आणि तो नको म्हणणार तेवढ्यात त्या आपल्या आपणच परत बसल्या.

मग काळोखाच्या मधून कुठूनतरी, अगदी बारीक आवाज आला.

“काका, काहीच दिसत नाहीये.”

ध्रुवनं भिंतीला हात टेकला. त्याला वाटलं होतं, आपण नीट सांगू. सुरुवातीचं वाक्यही त्यानं ठरवून ठेवलं होतं, एरवी तोंड आपोआप बोलतं. आज ते बोलेना. त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली.

“बाबा हेच म्हणाले होते,” तो म्हणाला. “वायरलेसवर. काहीच दिसत नाहीये इथं, असं.”



“तुला कसं माहीत?”

“ज्यानं ऐकलं त्यानं मला सांगितलं. आम्ही तुला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.”

“मग पुढे?”

“पुढे त्यांचं बोलणं आलं नाही.”

“पण इकडून कुणी बोललं का त्यांच्याशी?” तिचा आवाज आता कापत होता, पण प्रश्न सरळ होता. “कुणी बोलत राहिलं का? दिसत नसलं ना तर ऐकू तरी येतं.”

“हो. पहाटेपर्यंत बोलत होते. थांबले नाहीत.”

“काय बोलत होते?”

हे ध्रुवनं कधी विचारलंच नव्हतं. एवढ्या महिन्यांत एकदाही नाही. “माहीत नाही,” तो म्हणाला. “विचारून सांगतो. खरं सांगतो.”

मग ती म्हणाली, “आई, तू बोल. थांबू नकोस. मी येते.”

वहिनींनी तोंड उघडलं, पण त्यातून जे आलं ते बोलणं नव्हतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. “उद्या,” त्या म्हणाल्या, “उद्या शाळेत मोजे पांढरे. तुझ्या पांढऱ्या मोज्यांपैकी एक मिळत नाहीये. पलंगाखाली बघायचंय. आणि पेन्सिल आणायचीये, तू सगळ्या खाल्ल्यास. आणि न्हाणीघरातला बल्ब परत गेलाय. आणि...” त्या बोलत राहिल्या, काय वाटेल ते, मोज्यांवरून दुधावर, दुधावरून छत्रीवर, मध्येच आवाज फुटत होता आणि तरी थांबत नव्हत्या. पावलं चाचपडत, धडकत, वळत, एका ठिकाणी येऊन थांबली. मग दोघींच्या कपड्यांची सळसळ झाली आणि मग खारू रडू लागली. दादा गेल्यापासून ती रडली नव्हती. घरात सगळ्यांना वाटायचं, लहान आहे, कळत नाही.

“त्यांना यायचं होतं,” ती रडता रडता म्हणाली. विचारत नव्हती.

“हो गं.”

“बूट आत घेऊ.”

“घेऊ.”

ध्रुवचा हात खटक्यावर होता. तो त्यानं वर केला नाही. पहाट लावायची त्याची वेळ होऊन गेली होती, पण लावण्यासारखी पहाट त्याच्याकडे नव्हती. तो जागच्या जागी उभा राहिला.

बाहेर पहिल्या शोची रांग लागली होती. दार बंद पाहून लोक चुळबुळू लागले. एक गृहस्थ घड्याळात बघून म्हणाले, “अहो, किती वेळ? मुलं कंटाळलीत.”

टाकीवाल्या मावशी दाराला पाठ लावून उभ्या होत्या, ओले हात पुसत.

“थोडं थांबा,” त्या म्हणाल्या. “आत ढग आलेत.”

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वरच्या पाटीकडे पाहिलं, उद्गारचिन्हासकट. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण आतून रडण्याचा आवाज ऐकू आला तेव्हा त्यांनी ते मिटलं, आपल्या मुलाला उचलून कडेवर घेतलं, आणि रांगेतल्या सगळ्यांबरोबर थांबले.